केमोचा मला नेमका फायदा किती?

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका ५४ वर्षांच्या, सांगली जिल्ह्यातल्या. लग्नानंतर घरीच ब्लाऊज शिवायला लागल्या. आता हाताखाली दोन मुली आहेत आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यांच्या मशीनवर चालतो. तीन आठवड्यांपूर्वी डाव्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, स्तन राखून. गाठ २.१ सेंटिमीटर, ग्रेड दोन, म्हणजे पेशी मध्यम जोराच्या. काखेतल्या तीन ग्रंथी तपासल्या, त्यातल्या एकीत कर्करोग निघाला. ईआर-पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी; हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) निगेटिव्ह. पाळी जाऊन चार वर्षं झाली. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. डॉक्टरांनी केमोच्या चार एसी (ॲड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन औषधं), मग दर आठवड्याला एक अशा पॅक्लिटॅक्सेल या केमोच्याच औषधाच्या बारा सलाईन, मग रेडिएशन आणि शेवटी गोळी, असं ठरवून दिलं आहे. नणंदेने काही वर्षांपूर्वी हीच केमो घेतली होती. तिला आजही ब्लाऊजचा हुक बोटांना लागत नाही, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. मुलगा पुण्याहून सांगतो, "आई, रिस्क नको. जे जे आहे ते सगळं घे. शिवणकाम सुटलं तर सुटलं." यजमान गप्प आहेत. शेजारणीने एका वैद्यांचा पत्ता दिला आहे. दुसरं मत घ्यायला गेल्या तिथले डॉक्टर म्हणाले, आधी जीन टेस्ट करा. खर्च ऐकून त्या परत आल्या. त्या विचारतात, "केमो नाही घेतली तर मी जिवाशी खेळतेय का? आणि घेतली नि बोटं गेली, तर मी काय करायचं?"

ताई,

तुमच्या मुलाला आणि तुम्हाला परस्परविरुद्ध गोष्टी वाटताहेत, पण दोघांनी धरून ठेवलेली समजूत एकच आहे: केमो म्हणजेच उपचार, आणि केमो नाही म्हणजे उपचार सोडला. तुमच्या रिपोर्टपुरती तरी ही समजूत बाजूला ठेवू या.

तुमचा उपचार सुरू झालेला आहे. ऑपरेशन झालं. स्तन राखला आहे म्हणजे रेडिएशन होणारच. आणि ईआर-पीआर पॉझिटिव्ह असल्यामुळे तुमच्या वाट्याला अशी गोळी आहे जी प्रत्येक स्तनकर्करोगात चालत नाही. तुमच्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात आणि ही गोळी त्यांचा तो पुरवठा तोडते. सगळे तिला "शेवटी एक गोळी" असं उरल्यासुरल्यासारखं सांगतात, तुमच्या पत्रातही ती अशीच आली आहे. पण या प्रकारच्या आजारात मोठं काम तीच करते. टॅमॉक्सिफेन ही अशी गोळी पाच वर्षं घेतल्याने पुढच्या पंधरा वर्षांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, हे अनेक देशांतल्या हजारो बायकांच्या चाचण्या एकत्र करून २०११ साली मांडलं गेलं. पाळी गेलेल्या बायकांना लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल ही याच कामाची दुसरी गोळी दिली तर परिणाम त्याहून थोडा सरसच.

तेव्हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: हे सगळं मी घेणारच आहे, त्यावर केमोची भर किती?

इथे आकड्यांत एक मेख आहे. ती माहीत नसली की माणूस घाबरून होकार देतो. "केमोने धोका एक तृतीयांश कमी होतो" हे वाक्य खोटं नाही. पण कशाचा एक तृतीयांश? समजा एखादीचा आजार उलटण्याचा धोका शंभरात तीस आहे. एक तृतीयांश कमी झाला म्हणजे शंभरांतल्या दहाजणी वाचल्या. ती केमो कुणीही डोळे मिटून घ्यावी. दुसरीचा धोका मुळातच शंभरात सहा असेल, तर तोच एक तृतीयांश म्हणजे दोघी, आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणींनी सलाईन, उलट्या, बधिर बोटं हे सगळं फायद्याशिवाय सोसलं. वाक्य एकच, दोन बायकांसाठी अर्थ वेगळा. म्हणून "किती टक्के फायदा?" असं मोघम विचारू नका. "माझ्यासारख्या शंभर जणींनी गोळी घेतली, आणि दुसऱ्या शंभर जणींनी गोळी आणि केमो दोन्ही घेतलं, तर दहा वर्षांनी किती जणींचा फरक पडतो?" असं विचारा आणि उत्तर फाइलवर लिहून घ्या. ज्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडत नाही, त्यांच्याबद्दल मला थोडी शंका येते, एवढं बोलून पुढे जाते.

तुमच्याच अवस्थेतल्या बायकांवर एक मोठी चाचणी झालेली आहे. आरएक्सपॉन्डर तिचं नाव, निकाल २०२१ साली छापून आला. पाच हजारांहून जास्त बायका, सगळ्यांचा आजार हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काखेत एक ते तीन ग्रंथी बाधित, आणि गाठीतल्या २१ जीनच्या तपासणीत (तुम्हाला सुचवलेली जीन टेस्ट याच प्रकारची; गुण जास्त तितका आजार उलटण्याचा धोका जास्त) गुण २५ किंवा त्याखाली. अर्ध्या बायकांना फक्त गोळी, अर्ध्यांना केमो आणि गोळी. पाळी गेलेल्या बायकांत पाच वर्षांनंतर आजाराशिवाय असणाऱ्या किती? केमो घेतलेल्यांत ९१.३ टक्के, न घेतलेल्यांत ९१.९ टक्के. म्हणजे केमोने काहीच हाती लागलं नाही. पाळी चालू असलेल्या बायकांना मात्र फायदा झाला, सुमारे पाच टक्क्यांचा. ही ओळ तुमच्यासाठी नाही, पण हे सदर वाचणाऱ्या चाळिशीतल्या बाईसाठी आहे. काखेतल्या ग्रंथी स्वच्छ असलेल्या बायकांवर २०१८ साली टेलरएक्स नावाची अशीच चाचणी आली, दहा हजारांहून मोठी. तिथेही ११ ते २५ गुणांच्या बायकांत एकूण फरक नगण्य निघाला. पन्नाशीपर्यंतच्या आणि १६ ते २५ गुण असलेल्या बायकांना मात्र केमोचा काहीसा उपयोग दिसला.

म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली टेस्ट फालतू खर्च नव्हे. पहिले डॉक्टर चुकले असंही म्हणता येत नाही. काखेत ग्रंथी बाधित निघाली की केमो द्यायची, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे आणि टेस्ट नसेल तर सावध डॉक्टर तोच धरतात. पण तुमच्याजवळ दोन गोष्टी आहेत ज्या हा शिरस्ता बघत नाही. पाळी गेली आहे आणि मधुमेह आहे. एकीमुळे फायदा घटण्याची शक्यता, दुसरीमुळे तोटा वाढण्याची.

आता खर्च आणि वेळ. २१ जीनची ती टेस्ट म्हणजे ऑन्कोटाइप डीएक्स. नमुना अमेरिकेला जातो, खर्च लाखांच्या घरात आणि अहवालाला साधारण दोन-तीन आठवडे. बेंगळुरूच्या कंपनीची कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही टेस्ट पुष्कळ स्वस्त आहे. ती आजार उलटण्याचा धोका कमी की जास्त हे सांगते, मात्र "या बाईला केमो लागू पडेल का" हे तिच्या बाबतीत इतक्या मोठ्या चाचणीतून पारखलेलं नाही. डॉक्टरांशी बोलताना हा फरक लक्षात असू द्या. बारा पॅक्लिटॅक्सेल, चार एसी, इंजेक्शनं, रक्ततपासण्या, सांगली-मिरजेच्या खेपा आणि पाच-सहा महिने बंद मशीन, हा हिशेब कागदावर मांडा आणि मग टेस्ट महाग की स्वस्त ते ठरवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो बसते, म्हणून ती "फुकट" वाटते. बुडालेल्या मजुरीचे पैसे कुठलीच योजना देत नाही.

टेस्ट परवडणारच नसेल तरी वाट बंद होत नाही. केंब्रिजमध्ये तयार झालेलं प्रेडिक्ट नावाचं साधन इंटरनेटवर फुकट आहे. वय, गाठीचा आकार, ग्रेड, बाधित ग्रंथी वगैरे भरलं की गोळीचा फायदा किती आणि केमोचा किती हे शंभर बायकांच्या हिशेबात दाखवतं. तुमच्या मुलाला हे भरायला सांगा, पण निकाल डॉक्टरांसमोर बसून वाचा. ते ब्रिटिश बायकांच्या माहितीवर बेतलेलं आहे, आणि एकट्याने रात्री अकराला वाचण्यासारखं तर नक्कीच नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलचं मत हवं असेल आणि परळला जाणं जमत नसेल, तर नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यासोबत चालणाऱ्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेकडे रिपोर्ट पाठवून लेखी मत मिळतं.

घाई किती? ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत केमो सुरू करायची रीत आहे आणि तीन महिन्यांपलीकडे उशीर केला तर नुकसान होतं. तुमचे तीन आठवडे गेलेत. म्हणजे टेस्टला वेळ आहे, पण "दिवाळी होऊ दे, मग बघू" एवढा नाही. ज्या लॅबने तुमची गाठ तपासली तिच्याकडे गाठीचा मेणाचा ब्लॉक असतो. टेस्टसाठी तो लागतो. अर्ज दिला की मिळतो, पण अर्ज टेबलावर पडून राहतो, म्हणून स्वतः किंवा मुलाने जाऊन आणा.

आता बोटांबद्दल. पत्रात तुम्ही त्याबद्दल जवळजवळ माफी मागितल्यासारखं लिहिलं आहे, "जिवापुढे बोटं काय, पण" असं. ताई, माफी कसली? कर्ज, मुलीची फी, किराणा, सगळं ज्या बोटांवर चालतं ती बोटं उपचाराच्या हिशेबात धरलीच पाहिजेत. डॉक्टरांना मात्र हे सांगावं लागतं. ओपीडीच्या कागदावर तुमचा व्यवसाय "गृहिणी" लिहिला असणार, पैज लावते. तिथे "शिवणकाम" लिहून घ्या.

पॅक्लिटॅक्सेलने नसांची टोकं दुखावतात. आधी बोटांच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या टोकाला मुंग्या, मग मोजा घातल्यासारखी बधिरता. बहुतेकींची ती काही महिन्यांत ओसरते. काहींची वर्षानुवर्षं राहते, तुमच्या नणंदेची राहिली. आधीपासून मधुमेह असेल तर धोका वाढतो. पायांकडेही लक्ष असू द्या. तुम्ही पायमशीन चालवत असाल तर तळव्याला पॅडल कळणं हेही कामाचंच आहे. ही बधिरता अगोदर रोखणारी खात्रीची गोळी आज नाही. नसांसाठी म्हणून विकलं जाणारं ॲसिटिल-एल-कार्निटिन तर अशाच केमोच्या बायकांत उलट त्रास वाढवणारं ठरलं, तेव्हा औषधवाल्याच्या सल्ल्याने "नसांची ताकद" घेऊ नका. गोठवलेल्या हातमोज्यांचा उपयोग होताना दिसतो. जपानमध्ये एका छोट्या अभ्यासात बायकांच्या एकाच बाजूच्या हातापायांना सलाईन चालू असताना गोठवलेले मोजे घातले, तर त्या बाजूची बधिरता दुसऱ्या बाजूपेक्षा खूपच कमी राहिली. केंद्रात सोय नसली तर स्वतःचे जेल-मोजे नेता येतात का, हे केमोच्या सिस्टरला आधी विचारून ठेवा.

समजा टेस्टमध्ये गुण २५ च्या वर आले. मग मी तुम्हाला केमो घ्याच म्हणेन, बोटांची भीती धरूनही. पण "केमो" ही एकच एक गोष्ट नव्हे. चार एसी आणि बारा पॅक्लिटॅक्सेल या सगळ्याऐवजी डोसेटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फामाइडच्या चार फेऱ्या चालतील का? डोसेटॅक्सेलने बधिरता सहसा कमी येते, आणि एसीमधल्या ॲड्रियामायसिनचा हृदयावरचा धोकाही टळतो. १९७६ साली मिलानहून निकाल आलेली सीएमएफ ही तीन औषधांची जुनी केमो पद्धत आज मागे पडली आहे, पण तिच्यात बोटं बधिर करणारं औषध नाही. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना हा प्रश्न जुनाट वाटेल, विचारायला काय हरकत आहे? आणि पॅक्लिटॅक्सेलच द्यायचं ठरलं, तर दर आठवड्याला सलाईनच्या आदल्या दिवशी सुईत दोरा ओवून बघा, एक हुक शिवून बघा, तारखेसह वहीत लिहा. ज्या आठवड्यात हात चुकायला लागला त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, थांबवता येतो. बायका शेवटच्या सलाईनपर्यंत "होईल बरं" म्हणून गप्प बसतात आणि तिथेच नुकसान कायमचं होतं.

बाकीच्या दुष्परिणामांबद्दल थोडक्यात. चार एसीनंतर हृदय कमकुवत होण्याचा धोका शंभरात एक-दोघींना असतो, म्हणून आधी टूडी इको करतातच. वर्षांनंतर रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका शंभरात एकीपेक्षाही कमी. विसराळूपणा आणि थकवा पुष्कळजणींना काही महिने जाणवतो. उलट्यांची भीती मात्र तुम्ही जुन्या काळाची बाळगता आहात. आता त्यावरची औषधं खूप सुधारली आहेत. मधुमेहाचं वेगळं: पॅक्लिटॅक्सेलच्या आधी स्टिरॉइड देतात, त्याने साखर उसळते, काही दिवस इन्सुलिनही लागू शकतं. साखरेच्या डॉक्टरांना केमो सुरू होण्याआधी कळवा. आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, त्यानेही मुंग्या येतात. ते आजच तपासून घ्या, म्हणजे उद्या बोटं बधिर झाली तर दोष कुणाचा ते कळेल.

गोळीचं मी एवढं गुणगान केलं, पण तीही फुकटात येत नाही. लेट्रोझोलने सांधे आखडतात, सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, काहींच्या मनगटातली नस दबते. शिवणाऱ्या बाईला हे कळायला हवं, कारण याच त्रासाने पुष्कळजणी वर्षा-दोन वर्षांत गुपचूप गोळी सोडतात आणि घरच्यांना पत्ता नसतो. त्रास झाला तर सोडू नका, बदलून मागा. लेट्रोझोलऐवजी दुसरी, किंवा टॅमॉक्सिफेन. हाडांची घनता तपासायची डेक्सा टेस्ट करून घ्या, कारण ही गोळी हाडं विरळ करते. केमो टळली आणि गोळी सुटली, हा सर्वांत वाईट सौदा.

शेजारणीच्या वैद्यांबद्दल. काढा मन शांत करत असेल तर डॉक्टरांना दाखवून नंतर बघू. पण उपचाराऐवजी काढा, ही कल्पना मनातून काढा. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली मांडलं की बरा होण्यासारखा स्तनकर्करोग असताना फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचा उपचार घेणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त होता. केमोच्या जागी काही नाही, हे तुमच्या बाबतीत कदाचित बरोबर ठरेल. गोळीच्या जागी काढा, हे कधीच नाही.

हे सदर वाचून दुसरी कुणी "बघा, केमो लागत नाही" म्हणेल, तिच्यासाठी हे स्पष्ट लिहिते. रिपोर्टवर तिन्ही निगेटिव्ह असेल, ज्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, तर गोळी चालत नाही आणि केमो हाच मुख्य आधार. आपल्याकडे हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो आणि तरुण बायकांत दिसतो. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यावरचं खास इंजेक्शन सहसा केमोबरोबरच देतात. चार किंवा अधिक ग्रंथी बाधित असतील तरी केमो हवीच. तिथे बोटं, केस, पाळी यांची काळजी केमो कशी सोसायची यासाठी करायची, घ्यायची की नाही यासाठी नाही. मूल व्हायचं असलेल्या मुलींनी तर पहिल्या सलाईनच्या आधीच बीजांडं राखून ठेवण्याबद्दल विचारलं पाहिजे, नंतर विचारून उपयोग नसतो.

तुमच्या मुलाचं "जे जे आहे ते सगळं घे" हे प्रेम आहे, पण त्यामागे त्याची स्वतःची भीतीही आहे. उद्या आजार उलटला तर "आपण काहीतरी करायचं सोडलं" हे त्याला नको आहे. त्याला समजावत बसू नका, पुढच्या भेटीला सोबत न्या. शंभर बायकांचा आकडा त्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. यजमान गप्प आहेत म्हणजे त्यांना मत नाही असं मला वाटत नाही. त्यांना विचारा, "मशीन सहा महिने बंद राहिलं तर आपलं कसं चालेल?" या प्रश्नावर ते बोलतील, केमोच्या प्रश्नावर कदाचित बोलणार नाहीत.

आणि निर्णय कुणी घ्यायचा, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. तुमचा आहे. गुण २५ च्या खाली आले आणि तरी केमो घेऊन मन शांत होणार असेल तर तेही तुमचं स्वातंत्र्य. गुण वर आले आणि तरी नको वाटत असेल तर मात्र नकार देण्याआधी दुसऱ्या केंद्राचं लेखी मत घ्या.

पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून तुम्ही दुसऱ्या मताची गोष्ट त्यांच्यापासून लपवली आहे. सांगून टाका, फाइल घेऊनच जा. आणि जाताना हे चार कागद सोबत ठेवा: ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, ईआर-पीआर-हर-टूचा रिपोर्ट, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि बी-१२.